सोमवारचा दम

आमच्या बऱ्हाणपुरात वारांची नावे मोहल्ल्यांना आहेत. इतवारा आहे, शनवारा आहे. शनवारा दरवाजातून आत येणाऱ्याला आधी बाजाराचा गलबला ऐकू येतो आणि गल्लीत वळले की मागांची खडखड. त्या खडखडीत माझी चाळीस वर्षे गेली. १९७२ साली इंदूरहून एम.बी.बी.एस. होऊन आलो, दोन वर्षे सरकारी नोकरी केली आणि १९७४ च्या दसऱ्याला शनवाऱ्यात दवाखाना थाटला. वारांच्या या गावात मला एक निराळाच वार भेटला. दिनदर्शिकेत त्याला नाव नव्हते. ज्याच्या कारखान्याला ज्या दिवशी सुटी, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो येई.

त्या दिवशी संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर कापसाच्या कामावरची माणसे अधिक दिसत. तक्रार सगळ्यांची एकच. छाती आवळल्यासारखी वाटते, कोरडा खोकला येतो, जिना चढताना दम लागतो. आठवडा पुढे सरकला की हलके वाटते, सुटीच्या दिवशी तर काहीच होत नाही, आणि पुन्हा कामावर गेले की छातीवर धोंडा. एक म्हातारा हसत म्हणे, "डॉक्टर साहब, छुट्टी ही बीमारी की जड़ है." सुटी घेतलीच नाही तर दम लागणारच नाही, असा त्याचा हिशेब. मीही हसत असे. त्या वाक्याचा अर्थ कळण्याइतके शिक्षण मला मिळालेले होते. पण तो हसण्यावारी गेला.

या रोगाचे शास्त्रीय नाव बिसिनोसिस. तलम तागाच्या कापडाला ग्रीक भाषेत जो शब्द होता, त्यावरून ते पडले. कापूस, ताग, अंबाडी यांच्या धुळीने श्वासनलिका आवळतात. कापसाच्या बोंडाभोवतीच्या पानांचा जो चुरा रुईत मिसळतो, त्यावर वाढणाऱ्या जंतूंचे विष याला बव्हंशी कारण असावे, असे आज मानतात. म्हणून सूतगिरणीत जेथे गाठी फोडतात आणि रुई पिंजतात, त्या ब्लोरूममध्ये आणि कार्डिंग खात्यात हा रोग अधिक. लँकेशायरमध्ये याला सोमवारचा ताप म्हणत, कारण तिथली सुटी रविवारची. इटलीच्या रामाझिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यातही ताग-अंबाडी विंचरणाऱ्यांच्या दम्याचा उल्लेख आहे. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत, 'तू काम काय करतोस?' हा प्रश्न जोडावा, असे सांगणारा वैद्य तो हाच.

या रोगाचे एक विपरीत लक्षण आहे आणि माझी सारी कथा त्यावर उभी आहे. गिरणकामगाराच्या छातीच्या चित्रात, म्हणजे एक्स-रेमध्ये, बिसिनोसिसची अशी खास खूण दिसत नाही. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस चित्रात दिसतो, हा दिसत नाही. पाळीच्या आधी आणि पाळीनंतर श्वास मोजला तर फरक कळतो. पण ते यंत्र त्या काळी आमच्याकडे कुठले? आणि वर्षे उलटल्यावर, जेव्हा दम कायमचा होऊन बसतो, तेव्हा तो विडीबहाद्दराच्या जुनाट खोकल्याहून वेगळा ओळखता येत नाही. म्हणजे या रोगाचा साक्षीदार एकच, तो म्हणजे स्वतः रोगी. सुटीनंतरच्या दिवशी आपल्याला काय होते, हे तो सांगतो. ते डॉक्टरने लिहून घेतले तर रोग आहे. लिहून घेतले नाही तर रोग नाही.

मी लिहून घेतले नाही.

१९७९ च्या सुमारास गावाबाहेरच्या एका खासगी कारखान्याने मला आपला डॉक्टर नेमले. रद्दी कापसापासून जाडेभरडे सूत काढण्याचे तिथे काम चाले. त्याचे नाव सांगत नाही. आज तो उभाही नाही. आठवड्यातून दोनदा तासभर तिथे बसायचे आणि महिन्याला दीडशे रुपये घ्यायचे. व्यवस्थापक आपल्यातलेच होते. गणेशोत्सवाच्या समितीत आम्ही शेजारी बसत असू. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला मी आणि माझ्या घरच्या मुंजीला ते. अत्यंत सज्जन, मृदुभाषी गृहस्थ. खोटे लिहा, असे त्यांनी मला चौदा वर्षांत एकदाही सांगितले नाही. हे मी त्यांच्या बचावासाठी म्हणत नाही आणि माझ्या बचावासाठी तर मुळीच नाही. घडते कसे, ते कळावे म्हणून सांगतो.

पहिल्याच महिन्यात मी त्यांना म्हणालो होतो, "कार्डिंग खात्यातल्या लोकांना दम्याचा त्रास दिसतो." त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "डॉक्टर, आम्ही गूळ वाटतो की सगळ्यांना. गुळाने घशातले तूस उतरते." कापसाच्या कारखान्यांत गूळ वाटण्याची ती रीत जुनीच. मग थोडे थांबून म्हणाले, "आणि हे लोक विड्या किती ओढतात, ते तर तुम्ही पाहताच." एवढेच. त्यानंतर मी कार्डिंग खात्याचा विषय काढला नाही आणि त्यांनीही काढला नाही. माझ्या केसपेपरांवर 'जुनाट श्वासनलिकादाह' हे शब्द येऊ लागले. त्यापुढे 'विडीची सवय' हे दोन शब्द जवळजवळ आपोआप उमटत. यातला एकही शब्द पुरता खोटा नव्हता, ही त्यातली सोय.

कायदा मला ठाऊक नव्हता असे म्हणायचीही सोय नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ८९ व्या कलमाने हे काम थेट डॉक्टरवर टाकलेले होते. परिशिष्टातला रोग आढळला की डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना विनाविलंब लेखी कळवायचे. बिसिनोसिस त्या परिशिष्टात होता. न कळवल्यास मूळ कायद्यात पन्नास रुपये दंड होता. १९८७ च्या दुरुस्तीने तो हजारांपर्यंत गेला. मी असे पत्र कधी लिहिले नाही, आणि ते का लिहिले नाही असे मला कोणी कधी विचारले नाही.

अपघातांची रीत आणखी साधी. कायद्याप्रमाणे, इजा झालेला कामगार ४८ तास कामावर येऊ शकला नाही तर त्या अपघाताची सूचना द्यावी लागे. मग काय करायचे? कार्डिंग यंत्रात ज्याची बोटे गेली, त्याला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी रिक्षातून आणायचे आणि टाइमकीपरच्या खोलीत स्टुलावर बसवायचे. हजेरी लागली, पगारही पुरा मिळाला, म्हणून तोही खूश. कागदावर अपघात झालाच नाही. पुढे बोटे आखडली आणि भरपाईचा विषय निघाला, तेव्हा हजेरीपुस्तक म्हणे की हा माणूस तर दुसऱ्याच दिवशी कामावर हजर होता. 'हलक्या कामास योग्य' ही माझी चिठ्ठी त्या हजेरीला टाचलेली असे.

'भीड भिकेची बहीण' असे आपल्याकडे म्हणतात. माझी भीड मला भिकेला लावणारी नव्हती; ती दुसऱ्यांना लावत होती.

दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एक अन्सारी कुटुंब राहत असे. घरातल्या कर्त्या पुरुषाला आम्ही सगळे चाचा म्हणत असू. बावीस वर्षे ते त्या कारखान्याच्या कार्डिंग खात्यात होते. उंच, सडपातळ, पाच वेळचे नमाजी. मशिदीच्या पायऱ्या चढताना मधेच थांबू लागले, तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते. १९८८ साली कारखान्याने त्यांना कामास अयोग्य ठरवून हिशेब चुकता केला. युनियनच्या कुणीतरी त्यांना सांगितले की भरपाईच्या कायद्यात हा रोग आहे, डॉक्टरचा कागद आण. चाचा माझ्याकडे आले. बाकावर बसून आधी दम घेतला, मग म्हणाले, "डॉक्टर साहब, बस इतना लिख दीजिए कि साँस रुई ने ली है."

मी कागद लिहिला. इंग्रजीत लिहिला. जुनाट श्वासनलिकादाह, फुप्फुसे फुगलेली, जड कामास अयोग्य. कारणाची जागा मोकळी सोडली. चाचांनी घडी घालून तो खिशात ठेवला, सलाम केला आणि गेले.

रात्री दवाखाना बंद करताना त्यांचा मुलगा आला. मॅट्रिक झालेला, इंग्रजी अक्षर लावता येणारा. कागद माझ्यापुढे धरून त्याने एका ओळीवर बोट ठेवले. आवाज चढवला नाही. म्हणाला, "साहब, अब्बा ने तो कभी बीड़ी नहीं पी."

खरेच होते. चाचांनी विडीला कधी हात लावला नव्हता. हे मला ठाऊक होते. मागच्या गल्लीतला माणूस तो! पण हाताला सवय लागलेली. मी ती ओळ खोडली, शेजारी सही केली, आणि ओशाळून काहीतरी पुटपुटलो. तो मुलगा जरा वेळ उभा राहिला. कारणाची मोकळी जागा त्यालाही दिसत होती. ती भरायला मला तीन शब्द लागले असते. मी पेनाला टोपण लावले.

दावा पुढे गेला नाही. १९९२ च्या पावसाळ्याआधी चाचा गेले. त्यानंतरही प्रत्येक ईदेला त्या घरून आमच्याकडे शीरखुर्मा येत राहिला. माझी पत्नी तो वाढी, मुले मिटक्या मारीत खात. मला तो कधी गोड लागला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. गोड लागे, आणि तेच कठीण होते.

१९९३ साली मी कारखान्याचे काम सोडले. कारण उदात्त नव्हते. दवाखान्यात वेळ पुरेनासा झाला होता. पुढे मुंबईत डॉक्टरी करणाऱ्या माझ्या भाच्याने एका लेखाची छायाप्रत पाठवली. 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'च्या १९९५ च्या अंकातला तो लेख होता. डॉ. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका कापड गिरणीतील बिसिनोसिसवर लिहिला होता. ज्या गिरणगावात लाखो माणसे पिढ्यान्‌पिढ्या रुईत वावरली, तिथेही हा रोग दाखवून द्यायला बाहेरच्या डॉक्टरांनी कामगारांना तपासावे लागले. मी लेख वाचला आणि मला जाणवले की त्यांनी केलेले काम अवघड होते खरे, पण त्याची सुरुवात फार सोपी होती. त्यांनी कामगाराला विचारले, आणि तो बोलला ते लिहून घेतले.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. ब्रिटनमध्ये कापूसगिरण्यांतील दीर्घकाळच्या कामगारांना या रोगाबद्दल १९४१ पासून भरपाई मिळू लागली होती. तरीही अमेरिकेत पुढची वीस-पंचवीस वर्षे 'आमच्याकडे हा रोग नाही' असे गिरणीवाले म्हणत राहिले. आरेंड बाउहॉइस नावाच्या डॉक्टरला तपासणीसाठी गिरण्यांची दारे उघडेनात, तेव्हा त्याने अटलांटाच्या तुरुंगातल्या कापडगिरणीत कैद्यांचा श्वास मोजला. १९६७ साली ते प्रसिद्ध झाले. रोग कैद्यांत सापडला, कारण तुरुंगाला लपवण्यासारखा नफा नव्हता. अमेरिकेत कापसाच्या धुळीवर कडक कायदेशीर मर्यादा आली ती १९७८ साली. अॅस्बेस्टॉसची कथा तर याहून काळी. जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या डॉ. केनेथ स्मिथ यांनी १९४९ साली कामगारांची छातीची चित्रे पाहिली. ज्यांच्या फुप्फुसात रोगाची खूण दिसते पण अजून त्रास नाही, त्यांना ते कळवू नये, असा अहवाल त्यांनी दिला. माणूस सुखाने काम करील आणि कंपनीला त्याच्या अनुभवाचा लाभ होईल, अशी त्यामागची भूमिका होती. ते वाचताना मला त्या अपरिचित डॉक्टरचा राग यायला हवा होता. मला त्याची चहाची कपबशी दिसली.

आपल्याच प्रांताचे उदाहरण घ्यायचे तर अलीराजपूर-झाबुआकडचे आदिवासी. ते गुजरातेत गोध्र्याकडे गारगोटीचा चुरा करणाऱ्या कारखान्यांत कामाला जात आणि धाप घेऊन परत येत. कित्येकांवर क्षयाचे उपचार झाले. कामावर असल्याचा कागद त्यांच्याजवळ नव्हता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याची शिफारस केली. ते पैसे द्यावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश व्हायला २०१६ साल उजाडले. त्या २३८ जणांना कुणीतरी डॉक्टरने तपासले असणारच. 'काम काय करतोस?' हा रामाझिनीचा प्रश्न त्यांतल्या किती जणांनी विचारला असेल?

आता हे सारे या अंकात का, असे कुणी विचारील. म्हणून आपल्याविषयी थोडे बोलतो. उदगीरच्या १७६० च्या लढाईनंतर बऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे गेले. त्या दोन-अडीच शतकांत आपली घराणी येथे आली. तलवार घेऊन आली असतील, पण टिकली ती लेखणीवर. दप्तरदार, कुलकर्णी, कारकून, मास्तर, वकील, डॉक्टर, व्यवस्थापक. माग आपले नव्हते आणि कारखानेही आपले नव्हते. त्या दोहोंमधला कागद आपला होता. मालकाने इच्छिले आणि कामगाराने भोगले, त्यातली नोंद आपल्या हस्ताक्षरात आहे. आपण कुणाचे वाईट केले नाही, असे आपण म्हणतो, आणि बव्हंशी ते खरेही आहे. केवळ काही जागा आपण मोकळ्या सोडल्या.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉसच्या एका खटल्यात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीवनाच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी, नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोवर जपून ठेवाव्यात, असेही त्या अॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितले. वाचून मी माळ्यावरच्या पेट्या काढल्या. माझ्या वह्या वाळवीने खाल्ल्या नव्हत्या. तारीख, नाव, मोहल्ला, औषध. रोगाचे नाव विश्वास ठेवण्याजोगे नाही, पण तारखा खऱ्या आहेत. सुटीनंतरच्या दिवसांची गर्दी त्यात आजही मोजता येते. कुणी अभ्यासू येईल तर त्या त्याच्या हवाली करायला मी तयार आहे. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर जुनी हजेरीपुस्तके, दवाखान्याच्या वह्या असतील तर रद्दीवाल्याला घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, एवढी विनंती.

कारखाने कायद्याची जागा आता नव्या संहितेने घेतली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. रोगाची सूचना देण्याचे डॉक्टरचे कर्तव्य तिच्यातही आहे. पण वीज वापरणाऱ्या जागेला 'कारखाना' म्हणण्यासाठी पूर्वी दहा कामगार लागत, ते आता वीस लागतात. आमच्या गल्लीतल्या घराघरांतले चार-सहा यंत्रमाग दहाच्या हिशेबातही नव्हते.

चाचांच्या त्या मुलाचे असेच चार माग आहेत. तोही आता साठीपार आहे. गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन माझ्याकडे आला. मी दवाखाना केव्हाच बंद केला आहे. पण जुनी माणसे येतात, त्यांना नाही म्हणवत नाही. नातू मागावर बसतो. रात्री खोकतो, छाती भरते म्हणाला. मी त्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवायचे ठरवले आणि चिठ्ठी लिहायला घेतली. सुटी कोणत्या दिवशी असते, त्यानंतरच्या दिवशी कसे वाटते, मागापाशी धूळ किती, किती वर्षे काम करतो, सगळे विचारले. विडी ओढतो का, तेही विचारले. नाही म्हणाला. तसे लिहिले. व्यवसाय: यंत्रमाग. कापसाच्या धुळीत नऊ वर्षे. कारणाच्या जागेपुढे 'धुळीचा संबंध तपासावा' असे लिहून सही केली.

आजोबांनी चिठ्ठी हातात घेतली, चश्मा लावला आणि सावकाश वाचली. वाचताना त्यांचे बोट त्या ओळीवर थांबले. मला वाटले, काही बोलतील. त्यांनी एवढेच विचारले, "इससे होगा क्या, साहब?"

मालक तेच, घरही तेच, कारखाना कुठेच नाही. कोण कोणाला भरपाई देणार? माझ्याजवळ उत्तर नव्हते. म्हणालो, "लिखा रहेगा."

त्यांनी मान हलवली, कागदाची घडी घातली आणि नातवाच्या खिशात ठेवली. चाचांनी ठेवली होती तशीच.